मोजणीसाहेबाची छपरी

शेव्याच्या मिठागरावर त्या वर्षी एक चाकांचं घर आलं. हिरव्या पत्र्याचं, दोन खिडक्यांचं, जीपच्या मागं जोडून आणलेलं. लढाईच्या काळात गोऱ्या अंमलदारांसाठी बनवलेलं, आणि गोरे गेल्यावर सरकारी मोजणीच्या कामाला लागलेलं. खाडीची मोजणी करायला आलेले गुप्ते साहेब त्याला कॅरॅव्हॅन म्हणत. त्यांचा ड्रायव्हर धर्माजी ट्रेलरचं टेलर करून तेच म्हणे. मीठ वाहणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव घरगाडी ठेवलं, आणि मग सगळेच घरगाडी म्हणू लागले.

घरगाडीत आत काय आहे याचं बायकांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांची नजर जायची ती दाराच्या अंगाला लावलेल्या कापडी छपरीकडे. जाड खाकी कापड, एक कड गाडीच्या टपाला अडकवलेली, दुसरी दोन लोखंडी दांड्यांवर ताणलेली. साहेब तिच्याखाली खुर्ची-टेबल मांडून नकाशे पसरत, चहा पीत, दुपारी पाय लांब करून डोळे मिटत.

मिठागरावर झाड उगवत नाही. नजर पोचेल तिथवर वाफे, वाफ्यांत पिकत आलेलं मीठ, आणि वाफ्यांच्या मधून मातीचे बांध. ऊन वरून लागतं आणि मिठावरून उलटून खालूनही लागतं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन वाफ्यापासून राशीपर्यंत आणि राशीपासून वाफ्यापर्यंत दिवसभर चालायच्या. ज्यांची अंगावरची पोरं होती, त्या ती बांधावर ठेवायच्या. चार काटक्या रोवायच्या, वर लुगड्याचा तुकडा टाकायचा. वारा आला की तुकडा उडायचा, आणि टोपली डोक्यावर असताना आईला काही तो धरायला धावता यायचं नाही.

सोनाबाईची मुलगी मागच्या वैशाखात अशाच एका बांधावर निजवलेली होती. वर्षाचीही नव्हती. दुपारी दूध पाजायला सोनाबाई गेली तर पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि ती तोंड उघडत नव्हती. घरी पोचेपर्यंत सगळं संपलं. गावात कुणी म्हणालं अंगात कडकी भरली, कुणी म्हणालं नजर लागली. ऊन लागलं असं कुणीच म्हणालं नाही. तसं म्हटलं असतं तर पुढं काहीतरी करावं लागलं असतं. सुतक फिटलं आणि सोनाबाई पुन्हा टोपली घेऊन मिठागरावर आली. तिच्याइतकी भरलेली टोपली दुसरी कुणी उचलत नसे, आणि आता ती पूर्वीपेक्षाही भरून उचलायला लागली.

घरगाडी जिथं उभी होती तिथून मीठ वाहायची वाट जवळच होती. दुपार कलली की छपरीची सावली सरकत सरकत त्या वाटेच्या कडेला यायची. केसर नावाची एक तरुण बाई होती, तिनं एक दिवस आपला तान्हा रंगू त्या सावलीच्या कडेला निजवला. मुकादम येसाजी लगेच आला.

"उचल त्याला. साहेब बसलेत, दिसत न्हाय काय?"

"साहेबांच्या पायात थोडाच हाय तो," केसर म्हणाली.

"उचल म्हनतो ना."

साहेबांनी नकाशावरून मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. केसरनं रंगूला उचललं. सोनाबाई टोपली घेऊन मागंच उभी होती. तिनं साहेबांकडे असं पाहिलं, की त्यांनी खुर्ची थोडी फिरवून घेतली.

वैशाखाच्या मध्यावर एका दुपारी खाडीकडून वावटळ आली. मिठागरावर वावटळीचं नवल नसतं, पण ही मोठी होती. वाटेतल्या टोपल्या उडाल्या, साहेबांचे नकाशे वाफ्यांत जाऊन पडले, आणि वारा छपरीच्या पोटात शिरला. कापड फुगलं, एक दांडा मधोमध वाकला आणि कापडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. फाटलेला भाग टपावर फटाफट आपटू लागला. त्या आपटण्यानं अख्खी गाडी हलत होती.

"काढ ते, काढ!" साहेब दारातून ओरडले. "सगळा टपच उखडेल!"

धर्माजी वाकलेल्या दांड्याशी झटू लागला. दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा होता आणि वाकल्यामुळं सरकत नव्हता. टपाच्या कडेला पत्र्याची खोबण होती. कापडाच्या कडेत दोरी शिवून ती दोरी त्या खोबणीत ओवलेली होती. कापड काढायचं तर ते एका टोकानं खोबणीतून ओढून काढायला हवं होतं. पण खाऱ्या वाऱ्यानं खोबण गंजली होती. धर्माजी ओढायचा, कापड हातभर यायचं आणि गोळा होऊन अडकायचं.

सोनाबाईनं टोपली खाली ठेवली आणि पुढं झाली.

"एकटा ओढशील तर फाडशील. मी इकडून सारते, तू तिकडून ओढ."

ती गाडीच्या पायरीवर चढली. कापडाची कड दोन्ही हातांनी सरळ करून ती खोबणीत पुढं सारू लागली. धर्माजीनं डब्यातलं तेल खोबणीत ओतलं. मग कापड वीतवीत करत निघू लागलं. वाऱ्यानं ते दोनदा तिच्या तोंडावर आपटलं, ओठ फुटला. शेवटी दोरी सुटली आणि सगळं कापड जमिनीवर येऊन पडलं. ते भलतंच मोठं होतं. ताणून बांधलेलं असताना एवढं वाटलं नव्हतं.

"याचं काय करू, साहेब?" धर्माजीनं विचारलं.

"काय करायचंय त्याचं? टाकून दे नाहीतर जाळ. मुंबईहून नवीन मागवतो." साहेब ओले नकाशे वाळवण्यात गुंतले होते.

"मी नेऊ?" सोनाबाई म्हणाली.

साहेबांनी हात हलवला. ने, असाच त्याचा अर्थ होता. धर्माजीनं तो पाहिला, केसरनं पाहिला, वाटेवर थांबलेल्या चार बायकांनी पाहिला.

सोनाबाईनं कापडाची घडी करून डोक्यावर घेतली. मिठाच्या टोपलीपेक्षा ती हलकी होती, पण घरी पोचेपर्यंत तिची मान अवघडली.

अंगणात कापड पसरून ती बसली. सोबत केसर होती आणि शेजारची म्हातारी कृष्णाबाई. गोणपाटाचे तुकडे, दाभण आणि सुतळी घेऊन त्यांनी चीर सांधायला घेतली. केसर एकीकडून, सोनाबाई दुसरीकडून, आणि कृष्णाबाई कापड ताणून धरायला.

"बांधायचं कुटं हे?" कृष्णाबाईनं विचारलं.

"रुंद बांध हाय ना, राशीच्या वाटेवरचा. तिथं. चार बांबू लागतील."

"येसाजी ठेवंल होय?"

"त्याला इचारतंय कोन?"

कृष्णाबाईनं आयुष्यभर मीठ वाहिलं होतं आणि अशा गोष्टींचं पुढं काय होतं ते तिला ठाऊक होतं. पण तिनं कापड सोडलं नाही.

संध्याकाळी सोनाबाईचा नवरा दादू घरी आला. तो मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. शेव्याहून मीठ भरून मुंबईला न्यायचं, रिकामं होऊन परत यायचं. मचवा दुसऱ्याचा, मीठ मिठागराच्या मालकाचं, शेठचं. त्यानं अंगणातलं कापड पाहिलं, सगळी हकिकत ऐकली आणि उंबऱ्यावरच बसला.

"हे बांधू नको."

"का?"

"शेठच्या मिठावर आमचा मचवा चालतो. उद्या त्यानं मीठ दुसऱ्या मचव्यात भरलं तर मी काय वाहू? आनि आपलं पोर न्हाय आता त्या बांधावर. तुला काय पडलंय?"

केसर उठून जायला निघाली. सोनाबाईनं तिला हातानंच बसवलं.

"तू तवा मुंबईला होतास," ती दादूला म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मिठागरापासून घरापर्यंत मी तिला आनली. एकटीनं. वाटेत एकदा तिनं हात हलवला, मला वाटलं वाचली. तुला हे कदी सांगितलं न्हाय. आता सांगते. आनि मला काय पडलंय ते पुन्यांदा इचारू नको."

दादूनं तंबाखू काढली, मळली, आणि न खाताच परत डबीत ठेवली. मग तो उठला, कापडापाशी आला आणि सांधलेल्या चिरेवरून बोट फिरवलं.

"हे पयल्या वाऱ्यात उसवंल."

"उसवू दे. परत शिवीन."

"तसं न्हाय. दोन कडा नुसत्या जोडून शिवल्या की सगळा ताण दोऱ्यावर येतो. कडा एकमेकींत दुमडायच्या, मग दोन ओळी घालायच्या. शीड तसंच शिवतात." त्यानं तिच्या हातातली दाभण घेतली. "आनि सुतळी नको. मचव्यावर शिडाचा दोरा हाय, घेऊन येतो."

त्यानं सगळी शिवण उसवली. पुन्हा शिवली. कोपऱ्यांना गोणपाटाची दुहेरी ठिगळं लावून त्यांतून दोरी ओवली. सोनाबाई कापड ताणून धरत होती. कंदिलाची वात वर करायची वेळ आली तेव्हा दोघं उठली.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात व्हायच्या आधीच रुंद बांधावर चार बांबू उभे राहिले आणि त्यांवर कापड ताणलं गेलं. मधे उंच, कडेला उतरतं, चारी दोऱ्या खुंट्यांना बांधलेल्या. खाकी कापडाच्या मधोमध गोणपाटाचा लांब पट्टा. दिसायला काही नीट नव्हतं, पण खाली सावली पडली. चांगली दाट, काळी सावली. बायकांनी एकेक करून पोरं आणून निजवली. थोडी मोठी पोरं मधे बसून चिखलाचे गोळे करू लागली. केसर पहिली टोपली घेऊन निघाली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, आणि मग दिवसभर तिनं रंगूला पाहायला मान वळवली नाही.

येसाजी आला तो दुपारच्या आत. येसाजी वाईट माणूस नव्हता. पण शेठच्या कचेरीतून काय निरोप येईल याच्या भीतीत त्याची सगळी हयात गेली होती.

"हे कुनी बांधलं?"

"मी," सोनाबाई म्हणाली.

"काड."

"का?"

"शेठची जागा हाय. इचारल्याबिगर खुंटी ठोकायची न्हाय."

"खुंटी काढते, बांबू हातात धरून उभी ऱ्हाते. मग चालंल?"

बायका हसल्या. येसाजी लाल झाला. त्यानं कमरेचा कोयता काढला आणि दोन दोऱ्या सपासप कापल्या. कापड एका अंगानं पोरांवर कोसळलं, आतून रडारड सुरू झाली. बायका टोपल्या टाकून धावल्या. पोरं बाहेर काढली. कुणाला लागलं नव्हतं.

सोनाबाईनं कापलेल्या दोऱ्यांची टोकं उचलली, गाठ मारली, कापड पुन्हा ओढून बांधलं. येसाजी तिथंच उभा होता, कोयता हातात.

"परत काप," ती म्हणाली. "माझ्याकडं दोरी लई हाय."

त्यानं कापली नाही. तो कचेरीकडे निघून गेला.

शेठ स्वतः आले ते दुसऱ्या दिवशी, ऐन उन्हात. मागं त्यांच्या डोक्यावर छत्री धरलेला गडी, शेजारी येसाजी, आणि दोन पावलं मागं गुप्ते साहेब. साहेबांना का आणलंय ते बायकांना लगेच कळलं. साहेबांचं दोन वेळचं जेवण शेठच्या घरून येत होतं.

शेठ मोठ्यानं बोलत नसत. त्यांना तशी गरज पडत नसे.

"बाई, हे कापड सरकारी आहे. साहेबांच्या गाडीचं. न विचारता उचललंस. याला चोरी म्हणतात."

सोनाबाईनं शेठकडे पाहिलंच नाही. तिनं साहेबांना विचारलं, "साहेब, मी चोरलं?"

साहेबांनी घसा साफ केला. "तसं नाही... मी टाकायला सांगितलं होतं. पण वस्तू सरकारी आहे. हिशेबात ती दाखवावी लागते. तेव्हा ती परत..."

"जाळ म्हनलात तवा हिशेब नव्हता?"

मागोमाग धर्माजी ड्रायव्हर आला होता, तो जमिनीकडे पाहत उभा राहिला.

"हे बघ," शेठ म्हणाले, "आज तुम्हाला सावली हवी. उद्या म्हणाल प्यायचं पाणी आणून द्या. परवा म्हणाल मजुरी वाढवा. असं मिठागर चालत नाही. तुमच्या सासवांनी याच उन्हात मीठ वाहिलं. त्यांची पोरं जगली नाहीत का?"

कृष्णाबाई आजवर शेठसमोर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. ती पुढं आली. "माझी दोन ऱ्हायली न्हायत, शेठ. तुमाला कुनी सांगितलं न्हाय काय?"

शेठ तिच्याकडे पाहत राहिले. तिला ते बहुधा पहिल्यांदाच पाहत होते.

"छत्री मिटा, शेठ," सोनाबाई म्हणाली.

"काय?"

"तुमची छत्री मिटा. हितं, ह्याच बांधावर, आमच्यासंगं दिवसभर उभं ऱ्हावा. मावळतीला तुमी म्हनालात की कापड काढ, तर मी माझ्या हातानं काढीन."

छत्री धरलेल्या गड्याचा हात हलला. त्याला क्षणभर खरंच वाटलं की मिटायची आहे. शेठनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो पुन्हा ताठ झाला. बायकांत कुणीतरी फिसकन हसलं.

शेठचा आवाज पहिल्यांदा चढला. "साहेब, तुमचं कापड आहे. घेऊन जा."

साहेब पुढं झाले. सोनाबाई बाजूला सरली.

"न्या," ती म्हणाली. "मी आडवी येत न्हाय. पन पोरं झोपलीत. तेवडी उचलून उन्हात ठेवा. तुमच्या हातानं ठेवा, साहेब. आमच्यातली कुनी ठेवनार न्हाय."

साहेब वाकून सावलीत शिरले. आत सात-आठ पोरं होती. काही निजलेली, काही टुकुटुकु पाहणारी. केसरचा रंगू तोंडात मूठ घालून जागा होता. साहेब त्याच्यापाशी उकिडवे बसले. हात पुढं केले. रंगूनं मूठ काढली आणि त्यांचं बोट धरलं, पोरं धरतात तसं.

साहेब तसेच बसून राहिले. बाहेर ऊन इतकं होतं की वाफ्यांकडे पाहवत नव्हतं. मग त्यांनी हळूच बोट सोडवून घेतलं आणि बाहेर आले. चष्मा पुसला.

"फाटकं आहे ते," ते शेठना म्हणाले. "मला नको. मी तसं लिहीन." आणि कुणाकडेही न पाहता घरगाडीकडे चालू लागले. त्या दिवसापासून त्यांनी धर्माजीला चूल मांडायला लावली.

पण कापड साहेबांचं नसलं तरी बांध शेठचाच होता. "येसाजी, काढ ते," शेठ म्हणाले.

येसाजी पुढं आला तशी सोनाबाई सावलीच्या कडेला, उन्हात, खाली बसली. तिच्या शेजारी केसर बसली. मग कृष्णाबाई. मग एकेक करत बाकीच्या आल्या, टोपल्या पालथ्या घालून बसल्या. सावलीत जागा नव्हती, तिथं पोरं होती. बायका सावलीभोवती उन्हात बसल्या. येसाजीला बांबूपर्यंत पोचायला वाटच उरली नाही.

"कामाला लागा," शेठ म्हणाले.

कुणी उठलं नाही.

"खाडे पडतील सगळ्यांचे."

कुणी उठलं नाही. शेठ निघून गेले. त्यांच्या छत्रीची सावली बांधावरून त्यांच्यासोबत गेली.

मीठ वाफ्यांत पिकून तयार होतं. वैशाख सरत आला होता, आणि दक्षिणेकडे सकाळ-संध्याकाळ ढगांची कड दिसायला लागली होती. एक सर आली असती तर वाफ्यांतलं सगळं मीठ पाणी होऊन खाडीत गेलं असतं. हे बायकांना ठाऊक होतं आणि शेठना त्याहून जास्त. म्हणून सगळ्यांचीच नजर आभाळाकडे होती.

बायका रोज यायच्या, पोरं सावलीत ठेवायच्या आणि भोवती बसायच्या. सोपं नव्हतं ते. घरी चुलीचा प्रश्न होता. दोघी जणी एका सकाळी टोपल्या घेऊन वाफ्यात उतरल्या. बाकीच्या नुसत्या पाहत राहिल्या, कुणी शिवी दिली नाही. दुपारी त्या दोघी आपणहून परत आल्या आणि खाली मान घालून बसल्या. कृष्णाबाईनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी त्यांना दिली.

शेठनी खाडीपलीकडच्या गावातून होडीनं दुसऱ्या बायका आणल्या. त्या आल्या, टोपल्या उचलल्या, मीठ वाहू लागल्या. शेव्याच्या बायकांनी त्यांना अडवलं नाही. उन्हं डोक्यावर आली तशी त्यांच्यातली एक, कडेवर तान्हं पोर, वाटेवर थांबली. तिनं कापडाखाली पाहिलं. मग सोनाबाईकडे.

"हितं ठेवू?"

सोनाबाईनं एका पोराला थोडं सरकवलं. "ठेव."

तिनं ठेवलं. टोपली उचलायला वाकली, आणि वाकलेली तशीच राहिली. मग टोपली पालथी घातली आणि तीही बसली. दुसऱ्या दिवशी पलीकडून होडी आली ती रिकामी. होडीवाला म्हणाला, बायका येत नाहीत, आम्ही तरी काय करणार.

त्याच संध्याकाळी येसाजी बांधावर आला. कोयता नव्हता.

"शेठ म्हनतात, मीठ उचला. कापडाचं मागनं बघू."

"मागनं म्हंजे?" सोनाबाईनं विचारलं.

"म्हंजे... ऱ्हाऊ द्या."

"मोठ्यानं बोल. तिकडं शेवटी बसलेल्यांना ऐकू न्हाय आलं."

येसाजीनं आजूबाजूला पाहिलं. "कापड ऱ्हाऊ द्या म्हनतात शेठ!" तो ओरडला. एवढं मोठं तो जन्मात पहिल्यांदा शेठच्या मनाविरुद्धचं काही ओरडला असेल.

बायका उठल्या. अंधार पडेपर्यंत त्यांनी मीठ वाहिलं, न सांगता. राशीवर रास चढली. त्या हंगामातलं एकाही वाफ्याचं मीठ वाया गेलं नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं शेठ नेहमी उलटंच सांगत राहिले.

शेठ विसरले मात्र नाहीत. दिवाळीनंतर मिठागराचं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा येसाजीनं सगळ्या बायकांना घेतलं, सोनाबाईला नाही. दादूच्या मचव्यालाही मीठ मिळालं नाही. तो मचवा आता कौलं वाहायला दूर दक्षिणेकडे जाऊ लागला, आणि दादू महिना-महिना घरी येईना. सोनाबाईला याची किंमत कळत नव्हती असं नाही. रात्री एकटी जेवताना ती तिला चांगलीच कळायची.

केसर तिच्या घरी आली. "आमी बसतो परत. तुला घेतल्याबिगर कामाला जानार न्हाय."

"नको. आता वाफे नुसते भरलेत, मीठ कुटं पिकलंय? आता बसून शेठचं काय जातंय? तुमचंच पोट जाईल." सोनाबाई उठली. "कापड कुटं हाय?"

"माझ्या माळ्यावर. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय."

"काड खाली."

त्यांनी कोपरा सांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई बायकांबरोबर मिठागरावर गेली, बांबू रोवले, कापड ताणलं आणि पोरांमध्ये जाऊन बसली. तिला पोरांचा फार लळा होता असं नाही. ती त्यांच्यावर खेकसायची, नाकं पुसताना जोरात पुसायची. पण एकही पोर तिच्या नजरेआड उन्हात जात नसे. तिनं येताना मडकंभर पाणी आणलेलं असायचं, ते ती थोडं थोडं सगळ्यांना पाजायची. संध्याकाळी घरी जाताना बायका तिच्या ओच्यात मूठमूठ तांदूळ टाकायच्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी कृष्णाबाईनं टाकले आणि मग सगळ्याच टाकू लागल्या.

टोपली उचलायची मात्र तिला आठवण यायची. कधीकधी ती बसल्या जागेवरून वाहणाऱ्या बायकांची चाल पाहायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, कमी भरतात मेल्या.

येसाजी आठवडाभर लांबूनच पाहत होता. मग एक दिवस आला.

"तुला कामावर घेतलेलं न्हाय. हितं कशाला बसलीस?"

"सावलीला."

"शेठनी इचारलं तर काय सांगू?"

"सोनाबाई सावलीला बसलीय म्हनून सांग. नाव नीट सांग."

वारा वाढला होता आणि खाडीकडचा बांबू कलायला लागला होता. सोनाबाई एका पोराला मांडीवर थोपटत होती.

"आलाच हायस तर तो बांबू धर जरा," ती म्हणाली. "मी दोरी ताणून घेते."

येसाजीनं कचेरीकडे एकदा मान वळवून पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्यानं बांबू दोन्ही हातांनी धरला.

"सरळ धर," सोनाबाई म्हणाली.